लेह ते पँगाँग आणि परत : एका दिवसाचा हिशेब

लेहहून पँगाँगला जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. जाताना दीडशे किलोमीटर, येताना तेवढेच, मधे साडेसतरा हजार फुटांच्या घरातली एक खिंड, आणि ती दोनदा ओलांडायची. सगळं मिळून बारा-तेरा तास जातात, त्यातले तळ्याकाठी जेमतेम अडीच. 'थ्री इडियट्स'च्या शेवटातलं ते निळं पाणी बघायला निघालेल्या माणसाला हे प्रमाण आधीच सांगितलेलं बरं. सहल तळ्याच्या नावावर विकली जाते, पण दिवस असतो चांग-ला या खिंडीचा. ती नीट पार पडली की तळं आपलं काम चोख करतं. तिथे बिनसलं, तर समोर पँगाँग आणि माणूस गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून आडवा, असं दृश्य दर उन्हाळ्यात दिसतं.

आधी एक उंचीचं गणित. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, पँगाँग सुमारे ४,२५० वर आणि चांग-ला सुमारे ५,३६० वर. म्हणजे तळं खिंडीपेक्षा अकराशे मीटर खाली आहे, पण लेहपेक्षा साडेसातशे मीटर वर. यातून निघणारी मेख अशी, की तळ्याकाठी कुणाची तब्येत बिघडली तर त्याला 'खाली लेहला' नेण्यासाठी आधी अकराशे मीटर वर चढवावं लागतं. विरळ हवेच्या त्रासावरचा खरा उपाय म्हणजे खाली उतरणं, आणि इथे खाली उतरण्याची वाट वरून जाते. लेहकडच्या नेहमीच्या रस्त्यांचीही तीच गत : श्योक नदीच्या काठाने नुब्रा खोऱ्याकडे वळलात तरी पुढे खारदुंग-ला ही खिंड उभीच. म्हणून जायचं की नाही हा निर्णय खिंडीच्या अलीकडे घ्यायचा असतो, पलीकडे गेल्यावर नव्हे. या लेखातल्या बाकीच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

विमानाने लेहला उतरलात तर दुसऱ्या दिवशी पँगाँग कधीच नको. पहिला दिवस अंथरुणात आणि फार तर संध्याकाळी बाजारात. दुसऱ्या दिवशी लेहच्या पश्चिमेला, आल्चीच्या बाजूला जावं. तो भाग लेहपेक्षा खालचा आहे, त्यामुळे फिरणंही होतं आणि शरीरावर भारही येत नाही. तिसरा दिवस शेय-ठिकसे-हेमिससाठी किंवा नुब्रासाठी, आणि पँगाँग त्यानंतर. श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्याने आलेल्यांना थोडं सोपं जातं, कारण ती चढण टप्प्याटप्प्याने होते. मनालीहून आलेल्यांनी मात्र 'आम्ही रस्त्याने आलो, आम्हाला काही होत नाही' या भ्रमात राहू नये. त्या वाटेवर सर्चूला रात्र काढली की झोपायची उंचीच ४,२०० मीटरच्या वर जाते आणि पुष्कळ जण लेहमध्ये शिरतात तेच डोकं धरून.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, घ्यायची का हे आपल्या डॉक्टरना विचारून ठरवावं, तेही मुंबई-पुण्यात असतानाच. साधारणपणे १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, अशी दिली जाते. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ही बाब डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय गोळीला हात लावू नये. गोळी घेतली की बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो आणि लघवीला वरचेवर जावं लागतं. मुंग्यांना घाबरून अर्ध्यातच गोळी सोडणारे बरेच. तिसऱ्या गोष्टीमुळे दिवसाचं वेळापत्रक बदलतं : गाडीत चार जण गोळीवर असतील तर वाटेवरच्या कारू, शक्ती, चांग-ला, तांगत्से या प्रत्येक ठिकाणी थांबायचं आहे असं धरूनच निघावं. आणि तेवढ्यासाठी पाणी कमी प्यायचं, हा आपल्याकडच्या बायकांचा प्रवासातला जुना उपाय इथे अंगाशी येतो. कोरडी थंड हवा आणि जोराचा श्वास यांनी शरीरातलं पाणी आधीच उडत असतं, आणि कमी पाण्याने येणारी डोकेदुखी विरळ हवेच्या डोकेदुखीसारखीच असते. नेमकी कुठली ते मग कुणालाच सांगता येत नाही.

हृदयाचा त्रास, दम्याचा जोर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ही सहल डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय करू नये. उलट, बाकी ठणठणीत असलेल्या साठीपुढच्या माणसांना मुक्कामापेक्षा एका दिवसाची सहल उंचीच्या दृष्टीने बरी पडते. दिवसा वर जायचं आणि झोपायला खाली यायचं, हा डोंगरातला जुना नियम आहे. तळ्याकाठच्या तंबूत रात्र काढली की ४,२५० मीटरवर झोप लागत नाही, श्वास अडकून जाग येते आणि सकाळी तोंडावर सूज दिसते. दिवसाच्या सहलीत फुप्फुसं सुटतात, बिल फाटतं ते कंबरेच्या नावाने. तीनशे किलोमीटर डोंगरी रस्ता म्हणजे काय, हे मणक्याला संध्याकाळी कळतं.

गाडी ठरवताना. लडाखमध्ये बाहेरच्या टॅक्सीला स्थानिक पर्यटनाची परवानगी नसते, त्यामुळे गाडी लेहचीच घ्यावी लागते. टॅक्सी युनियन दरवर्षी दरपत्रक छापते. ते दर गाडीचे असतात, माणशी नव्हे, आणि 'फक्त सोडणे', 'त्याच दिवशी परत' आणि 'मुक्काम' यांचे वेगवेगळे. एजंटाशी बोलताना हा तक्ता मागून बघावा. गाडी तळ्याकाठच्या लुकुंगपर्यंत, स्पांगमिकपर्यंत की पुढे मान-मेराकपर्यंत, हेही आधी ठरवावं. वाद बहुतेक या शेवटच्या दहा-वीस किलोमीटरवरच होतात. दोघा-तिघांना शेअर गाडीतली जागा स्वस्त पडते, पण मग थांबे आणि परतीची वेळ आपल्या हातात राहत नाही. जुळणारे सहा जण असतील तर अख्खी इनोव्हा हाच उत्तम मार्ग. टेम्पो ट्रॅव्हलर मोठ्या ग्रुपला सोयीची, फक्त मागची रांग तरुणांना द्यावी. खिंडीजवळचे खड्डे मागच्या चाकांच्या मागे बसलेल्याला दुप्पट बसतात आणि ओकारी तिथूनच सुरू होते. आलेपाक, आवळा सुपारी जे काय चालत असेल ते खिशात हवं, वरच्या कॅरिअरवर बांधलेल्या बॅगेत नव्हे.

गाडीत ऑक्सिजन आहे का, असं विचारलं की 'आहे' असंच उत्तर येतं. तेवढ्यावर भागत नाही. आदल्या संध्याकाळी सिलिंडर प्रत्यक्ष बघावा : दाबाचा काटा किती दाखवतो, वाल्व उघडायची चावी जागेवर आहे का, मास्क आणि नळी आहे का, आणि ड्रायव्हरला तो लावता येतो का. भरलेला सिलिंडर आणि चावी हॉटेलात, हा प्रकार चांगल्या ग्रुपच्या बाबतीतही घडतो. औषधाच्या दुकानात मिळणारे स्प्रेसारखे डबे काही मिनिटांत संपतात. ते मनाच्या समाधानासाठी. मोठा सिलिंडरसुद्धा खाली उतरेपर्यंत वेळ मिळवून देतो, इतकंच. ऑक्सिजन लावून 'आता बरं वाटतंय, चला पुढे' हे सर्वांत धोक्याचं वाक्य.

कागदपत्रांचं काम एजंट करतो. सरकारी ओळखपत्र आणि त्याच्या तीन-चार झेरॉक्स जवळ ठेवाव्यात, पर्यावरण शुल्काची पावती ड्रायव्हरकडे आहे याची खात्री करावी. सीमाभागाचे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावं. घोळ होतो तो परदेशातून आलेल्या आपल्याच माणसांचा. भाचा अमेरिकेचा नागरिक झालेला असतो, ओसीआय कार्ड दाखवतो आणि सगळे धरून चालतात की तो भारतीयांतच जमा. तसं नाही. परदेशी पासपोर्ट असला की वेगळं संरक्षित क्षेत्राचं परमिट लागतं आणि ते चौकीवर ऐनवेळी मिळत नाही. हे आधी न सांगितल्यामुळे अख्खी गाडी चौकीवरून परत फिरलेली आहे.

मोबाइलचं एक : बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. कारूनंतर तेही येतं-जातं. नेट नसलं की यूपीआय नाही, म्हणून शंभर-पाचशेच्या नोटा सुट्या करून घ्याव्यात.

सकाळी सहाला गाडी हलली पाहिजे. साडेपाचला निघालात तर आणखी चांगलं; सात वाजले की पुढची सगळी गणितं घसरतात, ती कशी ते पुढे येईलच. नाश्ता हलका : टोस्ट, उकडलेलं अंडं, पोहे. हॉटेलने पुरी-भाजी दिली तर दोन पुऱ्यांवर थांबावं, कारण तीन तासांत आपण साडेअठराशे मीटरहून जास्त चढणार असतो आणि त्या उंचीवर पोट आधी संप करतं. माणशी तीन लिटर पाणी. कपडे एकावर एक : आत थर्मल, मग फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. एकच जाड स्वेटर निरुपयोगी ठरतो. शक्ती गावात ऊन चटके देतं, चांग-लावर जुलैतही बर्फ भुरभुरू शकतं. कानटोपी, हातमोजे, गॉगल, पन्नास एसपीएफचं सनस्क्रीन आणि ओठांना काहीतरी. लहान मुलांचा गॉगल हमखास राहतो. तळ्यावरून परतून येणारं ऊन मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त लागतं.

पहिला तास सिंधूच्या काठाने जातो. चोगलमसर, मग शेय, मग उजाडत्या उन्हात ठिकसेचा मठ डावीकडे टेकडीवर. सिनेमातली शाळा या शेयला आहे, द्रुक पद्म कार्पो स्कूल. पडद्यावर शाळा आणि तळं शेजारी-शेजारी वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींत सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर आणि एक चांग-ला आहे. शाळा पहाटे बंद असते आणि परतीला उशीर होतो, म्हणून ती पँगाँगच्या दिवसाला जोडूच नये. ती शेय-ठिकसेच्या दिवशी बघावी, आणि ती चालू शाळा आहे हे लक्षात ठेवून. २०१०च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीत तिचं बरंच नुकसान झालं होतं. सावरल्यावर पर्यटकांची रीघ इतकी वाढली की मुलांच्या अभ्यासावर परिणाम व्हायला लागला आणि फोटोची ती सिनेमातली भिंत वर्गांपासून दूर न्यायचं शाळेने ठरवलं.

लेहपासून साधारण पस्तीस किलोमीटरवर कारू. इथून मनालीचा रस्ता सरळ जातो आणि आपण डावीकडे वळतो. पेट्रोलची शेवटची खात्रीची सोय इथेच; गाडीची टाकी भरलेली आहे ना, हे विचारण्यात कमीपणा नाही. चहा, स्वच्छतागृह, आणि पुढे शक्तीच्या खोऱ्यातून जवाच्या शेतांमधला सुंदर वळणावळणाचा रस्ता. चेमरेचा मठ या पट्ट्यात दिसतो. फोटोला थांबायचा मोह होतो, पण तो परतीसाठी ठेवावा; संध्याकाळचं ऊनही त्याच्यावर चांगलं पडतं.

शक्तीनंतर चढण लागते ती संपतच नाही. झिंगरालला लष्कराचा तळ आहे. इथे दोन मिनिटं थांबून गाडीतल्या प्रत्येकाला बोलतं करायचं, कारण निर्णयाची जागा हीच. डोकं नुसतं जड आहे, ठीक. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, खायचं नाव नको वाटतंय, तर अर्धा तास थांबून बघायचं. बसल्या जागी धाप लागते, बोलणं अडखळतं, सरळ रेषेत टाचेला बोटं लावून दहा पावलं चालता येत नाही, ओठ निळसर दिसतात, यांतलं एकही असेल तर गाडी मागे फिरते. चर्चा नाही. इथे ग्रुपचा प्रमुख किंवा ड्रायव्हर एकटा पडतो, कारण बाकीच्या पाच जणांनी पैसे भरलेले असतात आणि आजारी माणूसच लाजेने 'मी ठीक आहे' म्हणत असतो. म्हणून कुणाला फिरावं लागलं तर काय करायचं, हे आदल्या रात्री जेवतानाच ठरवून ठेवावं. दोन गाड्या असतील तर प्रश्न सोपा होतो : एक परत, एक पुढे.

खिंडीच्या आधीचे आणि नंतरचे काही किलोमीटर रस्ता खराब. डांबर टिकत नाही, कारण रात्री भेगांतलं पाणी गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि लष्कराचे ट्रक त्यावरून जात राहतात. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालते. या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून व्हिडिओ बघणारा पहिला ओकतो. चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म होतात, एखादं फट्कन फुटतंही. सनस्क्रीनची ट्यूब उघडताच बाहेर येते. बाहेरचा दाब किती उतरला त्याचं हे फुकटचं मापक. चांग-लावर हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासातला प्राणवायू, समुद्रकाठच्या निम्म्याहून जेमतेम जास्त असतो.

वर चांग-ला बाबांचं मंदिर, पताकांच्या माळा, चहाची टपरी, लष्कराची मदत चौकी, आणि उंचीची पाटी, जिच्यापुढे रांग. इथे वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. गाडीतून उतरताना हळू, मंदिराकडे चढताना आणखी हळू. बर्फ दिसलं म्हणून मुलं पळतात, मोठेही गोळे फेकायला लागतात; त्रास तेव्हा होत नाही, तो अर्ध्या तासाने उतारावर येतो, आणि मग 'वर तर काही झालं नव्हतं' असं म्हणत लोक अन्नाला दोष देतात. गरम पाणी किंवा चहा प्यावा, बिडी-सिगारेट ओढू नये. पाटीचा फोटो हवा असेल तर उतरल्या उतरल्या तिथे जावं. आधी चहा घेतला की रांग वाढते आणि वीसची चाळीस मिनिटं होतात. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत भराभर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवावी.

पलीकडच्या उतारावर त्सोलटकचं छोटं तळं लागतं आणि नवखे 'पँगाँग का?' म्हणून उठून बसतात. नाही, अजून निम्मी वाट बाकी आहे. गाडीत झोप अनावर होते ती इथेच. झोपू द्यावं, पण ज्याचं डोकं दुखत होतं त्याला दर थोड्या वेळाने उठवून चार वाक्यं बोलायला लावावीत. दुर्बुकला रस्ता फुटतो, डावीकडचा श्योककडे आणि पुढे दौलत बेग ओल्डीला जातो, आपण तांगत्सेकडे. तांगत्से साधारण चार हजार मीटरवर, म्हणजे तळ्यापेक्षा थोडं खाली, आणि इथे वैद्यकीय मदत मिळते. तळ्याकाठी कुणाचं बिघडलं आणि लगेच खिंड चढवणं शक्य नसेल, तर आधी इथे आणायचं असतं. हे ड्रायव्हरला माहीत असतं, प्रवाशांनाही असावं.

तांगत्सेला जाताना फक्त चहा किंवा थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप. ऑर्डर देऊन थाळीची वाट बघत बसलात तर पाऊण तास गेला. राजमा-भात, मॅगी, मोमो तळ्याकाठीही मिळतात, आणि डब्यात दशम्या-चटणी असेल तर प्रश्नच मिटला. पुढे मुगलिबच्या हिरव्या कुरणांत मार्मोट दिसतात, गुबगुबीत, बिळाच्या तोंडाशी उभे. त्यांना बिस्किटं घालू नयेत. हे जनावर हिवाळाभर झोपून काढतं, त्यासाठी लागणारी चरबी गवत-मुळांतून मिळवायची त्याला सवय असते. क्रीमच्या बिस्किटांवर वाढलेला मार्मोट रस्त्यावर येऊन चाकाखाली सापडतो.

लुकुंगच्या अलीकडे रस्त्यावरून वाहणारे ओढे आहेत. त्यांतल्या एकाचं नावच पागल नाला. सकाळी त्यात घोटाभर पाणी असतं, कारण रात्रभर वरचा बर्फ गोठलेला. ऊन चढलं की वितळायला लागतो आणि ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर पोचतं. सहाच्या ऐवजी सातला निघालेली गाडी तळ्याकाठी दोन तास काढून परत येते तेव्हा हाच ओढा पाण्याखाली दगड लपवून वाहत असतो, आणि कमी उंचीची गाडी असेल तर पाणी इंजिनात शिरतं. सकाळचा एक तास इथे असा वसूल होतो.

मग एका वळणावर दोन तपकिरी डोंगरांच्या मधे निळी चीर दिसते. अकरा-साडेअकरा वाजलेले असतात. पहिला थांबा लुकुंग, जिथे तळ्याचं टोक आहे, आणि तिथून स्पांगमिककडे जाताना पाण्यात घुसलेली वाळूची जीभ, जिला सगळे 'शूटिंग पॉइंट' म्हणतात. २००९च्या डिसेंबरात आलेल्या त्या सिनेमाच्या शेवटी नवरीच्या वेशातली नायिका इथल्या किनाऱ्यावर स्कूटर घेऊन येते. आता तशा पिवळ्या स्कूटर रांगेने उभ्या असतात, पोस्टरवरची ती तीन विनोदी स्टुलं, भाड्याने घागरा-ओढणी, सजवलेला याक. प्रत्येकाचे वेगळे पैसे, बसण्याआधी विचारून घ्यावेत. 'एक फोटो' म्हणजे एकाच मोबाइलमध्ये एक, की सगळ्यांचे, हेही. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर बसावं. मात्र स्कूटर-स्टुलं पहिल्यांदा उरकावीत की शेवटी, यावर ग्रुपमध्ये भांडण होतं, तर उत्तर : पहिल्यांदा. बारानंतर मुक्कामाला येणाऱ्या गाड्याही पोचतात आणि गर्दी होते.

फोटोच्या उजेडाचं सांगायचं तर हा किनारा तळ्याच्या नैर्ऋत्येला आहे. पाण्याकडे पाठ करून उभं राहिलं की तोंड दक्षिण-पश्चिमेकडे होतं, म्हणजे भर दुपारनंतर ऊन चेहऱ्यावर येतं आणि मागचं पाणी गडद निळं उठून दिसतं. सकाळी लवकर तेच पाणी फिकट, चकाकतं. पाण्याचे रंग ढगांबरोबर बदलतात. काठाशी उथळ हिरवट, पुढे निळा, त्यापुढे जवळजवळ शाईचा. आभाळ भरलेलं असेल तर सगळं राखाडी, आणि मग सिनेमातला रंग मिळाला नाही म्हणून हिरमुसण्याऐवजी अर्धा तास शांत बसावं. ढग फाटला की रंग पाच मिनिटांत येतो.

स्कूटरपासून पाचशे पावलं स्पांगमिकच्या दिशेने चाललं की माणसं संपतात. खरं तळं तिथे सुरू होतं. सुमारे १३४ किलोमीटर लांब, सर्वांत रुंद ठिकाणी पाच किलोमीटर, आणि निम्म्याहून कमी भाग आपल्याकडे. पाणी मचूळ खारं, कारण ते बाहेर कुठेच वाहून जात नाही. पूर्वी ते श्योकमार्गे सिंधूला मिळत असे, पुढे वाट बुजली. समोरच्या डोंगरांवर पाण्याच्या जुन्या पातळीच्या आडव्या रेघा दिसतात, त्या नीट बघाव्यात. खारं असूनही हिवाळ्यात सगळं तळं गोठतं. २०२३च्या फेब्रुवारीत त्या बर्फावर लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची शर्यत झाली. उन्हाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाक हे पाणपक्षी इथे वीण घालतात. काठावरच्या दगडांत फिरताना खाली बघून चालावं, अंडी असतात.

पाण्यात पाय बुडवावा, पोहू नये. ड्रोन अजिबात नको, ही सीमा आहे. गाडी काठावरच्या वाळूत उतरवायला ड्रायव्हरला भरीला घालू नये. पाण्यात गाडी घालून रील करणाऱ्यांवर कारवाया झालेल्या आहेत, आणि वाळूत रुतलेली गाडी काढायला जो वेळ जातो तो खिंडीच्या हिशेबातून कापला जातो. मराठी माणसांची हल्ली आणखी एक चौकशी असते, ती छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची. २६ डिसेंबर २०२४ला लष्कराने पँगाँगच्या काठावर, १४,३०० फुटांवर, त्याचं अनावरण केलं. तिथे जाता येईल का, हे त्या दिवशीच्या लष्करी व्यवस्थेवर आहे; ड्रायव्हरला सकाळी निघतानाच सांगून ठेवावं, म्हणजे वेळ धरता येतो. जवान नाही म्हणाले तर हुज्जत घालू नये.

एकच्या सुमारास वारा सुटतो. आतापर्यंत आरशासारखं असलेलं पाणी लाटांनी काठावर आपटायला लागतं आणि टी-शर्टवर फोटो काढणारे जॅकेट शोधायला गाडीकडे पळतात. जेवून घ्यावं, पोटभर नव्हे. दीडला गाडीत. दोन ही शेवटची मर्यादा, आणि ती ग्रुपमधल्या सर्वांत रेंगाळणाऱ्या माणसाला पावणेदोन म्हणून सांगावी.

इतकी घाई कशाला, असं कुणीतरी म्हणतंच. दुपारनंतर ओढ्यांचं पाणी वाढतं हे एक. चांग-लावर ढग चारनंतर जमतात आणि बर्फ पडलं तर साखळ्या लावणाऱ्या ट्रकांच्या मागे सगळी रांग अडकते हे दुसरं. तिसरं आणि महत्त्वाचं, ड्रायव्हर सकाळी पाचपासून उठलेला आहे. अंधारात तो झिंगरालची वळणं उतरणार असेल तर त्याच्या बाजूला बसलेल्याने झोपू नये. बोलत राहावं, लडाखी ड्रायव्हरला 'आचो' म्हणजे दादा म्हटलं की गप्पा आपोआप सुरू होतात.

परतीची खिंड सकाळपेक्षा जड जाते. सकाळी उत्साह असतो, आता थकवा, ऊन आणि कमी झालेलं पाणी. डोकं बहुतेकांचं दुखतं. वर थांबायचं कारण उरलेलं नसतं, फोटो झालेले असतात, म्हणून गरजेपुरतं थांबून लगेच उतरायचं. झिंगराल सोडलं की चेहरे बदलतात, शक्तीला कुणीतरी गाणं म्हणायला लागतं आणि कारूला सगळ्यांना एकदम भूक लागते. उतरूनही डोकं थांबत नसेल, उलटी होत असेल किंवा खोकल्याबरोबर छातीत घुरघुर येत असेल, तर हॉटेलात न जाता थेट लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात. रात्र काढून सकाळी बघू, हा मार्ग तेव्हा नाही.

साडेसहा-सातला लेह. ड्रायव्हरचे पैसे आणि बक्षिसी गाडीतून उतरण्याआधी द्यावी. सीटखाली हात घालून बघावं. खड्ड्यांमुळे मोबाइल, गॉगल आणि आजींची कवळी तिथेच जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असेल तर बॅगा आदल्या रात्रीच भरून ठेवलेल्या बऱ्या, कारण लेहची बरीच विमानं वाऱ्यामुळे सकाळीच सुटतात आणि या दिवसानंतर पहाटे उठून सामान आवरण्याइतकी कंबर कुणाचीच सरळ होत नाही.